बाईंनी शाळेत लावलेलं लग्न

आमच्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चुलीपाशी जायच्या. बसणं, पाणी पिणं, ख्यालीखुशाली हे सगळं नंतर. आमच्या डहाणू रोडच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा वडील नुकतेच तहसील कचेरीतून येऊन पेपर उघडत होते. बाईंनी त्यांना नमस्कार केला, चपला काढल्या आणि बैठकीची खोली ओलांडून थेट स्वयंपाकघर गाठलं. आई गॅसपाशी उभी होती. बाईंनी तिला विचारलं की या झाऱ्याला तुमच्या माहेरी काय म्हणतात, डब्यांवर नावं लिहिलीत ती कुणी लिहिली, आणि लिहिली नसती तर तुम्हाला डबे ओळखू आले नसते का. आईने आधी बुजत, मग चढत्या उत्साहाने उत्तरं दिली. मसाल्याच्या डब्यांचा वास घेऊन दाखवण्यापर्यंत मजल गेली. बाई गेल्यावर मात्र तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "या तुमच्या कॉलेजात शिकवतात, की जनगणनेला आल्या होत्या?"

मी तेव्हा डी.एड. करत होते. बारावीनंतर दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी तिथे गेले होते आणि माझ्यासारख्या बऱ्याच होत्या. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवायचं, हा बाईंचा विषय. आमच्या भागात हा विषय सोपा नाही. एकाच वर्गात घरी वारली बोलणारं मूल असतं, गुजराती बोलणारं असतं, वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातलं हिंदी बोलणारं असतं, आणि पुस्तक सगळ्यांना एकच, शुद्ध मराठीत. इतर प्राध्यापक या अडचणीवर आम्हाला नोट्स द्यायचे. बाई नोट्स द्यायच्या नाहीत. आम्ही मागितल्या तर म्हणायच्या, माझ्याकडे प्रश्न आहेत, ते हवे असतील तर घ्या.

कॉलेजात सगळ्यांना 'मॅडम' म्हणायचा दंडक होता. बाईंनी पहिल्याच तासाला तो मोडला. "मॅडम म्हटलं की मला खुर्चीत बसावंसं वाटतं," त्या म्हणाल्या, "बाईच म्हणा." खुर्चीत त्या खरोखरच बसत नसत. खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्यावर, बाकाच्या कडेवर, कुठेही बसत. वडील रेल्वेत असल्यामुळे बालपण एका स्टेशनच्या क्वार्टर्समधून दुसऱ्या स्टेशनच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. गुजराती त्या अशी बोलत की बाजारातले दुकानदार त्यांना आपल्यातल्या समजून भाव कमी करत. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं विचारायची आमची हिंमत नव्हती, आणि बाई स्वतः मात्र बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला बेधडक विचारायच्या की तुमच्या टोपलीत काय आहे, त्याचं नाव काय, आणि तेच नाव का.

खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात घोलवडचे चिकू. हे चिकू म्हणजे बाईंचं बक्षीस होतं, पण मिळवायला भलतं अवघड. बरोबर उत्तराला चिकू नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर बाईंना देता येणार नाही, त्या प्रश्नाला एक चिकू. दोन वर्षांत मला फार थोडे मिळाले. एक तर मी 'मुलं पाढे घोकताना का डुलतात' असं विचारल्याबद्दल मिळाला होता, आणि तो नेमका कच्चा निघाला.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला विचारलं, की पुस्तकाबाहेरचा, आपला आपण वाचलेला पहिला शब्द कोणता. वर्गात आईचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव अशी साजूक उत्तरं आली. माझा शब्द होता 'शौचालय', डहाणू रोड स्टेशनवरचा. वर्ग खिदळला. बाई मात्र कट्ट्यावरून खाली उतरल्या आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. का वाचावासा वाटला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लागली होती म्हणून. बाईंना इतका आनंद झाला की मला स्वतःबद्दल उगाच अभिमान वाटू लागला. आजवर सगळ्यांत खरं उत्तर हिने दिलं, असं त्या म्हणाल्या. मग माझ्या शेजारची मुलगी उठली.

ती सुमन. तलासरीपलीकडच्या एका पाड्यावरची वारली मुलगी, तिच्या पाड्यावरून डी.एड.पर्यंत पोचलेली पहिलीच. पहिलीपासून आश्रमशाळेत राहून शिकलेली. तिचा पहिला शब्द होता तिचं स्वतःचं नाव. आश्रमशाळेत सगळ्या मुलींच्या पत्र्याच्या पेट्या सारख्याच, म्हणून शिपायाने झाकणांवर ऑइलपेंटने नावं घातली होती. सुमनच्या पेटीत आईचं जुनं लुगडं होतं. ते अंगावर घेतल्याशिवाय तिला झोप यायची नाही, त्यामुळे आपली पेटी ओळखणं भाग होतं. एवढं सांगून सुमन खाली बसली.  बाई जाऊन पुन्हा खिडकीत बसल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. पुढे सुमन आणि मी कायमच्या मैत्रिणी झालो, त्याची सुरुवात तिथे झाली.

सुमन हुशार होती, पण प्रश्न विचारायची नाही. आश्रमशाळेत प्रश्न विचारायची सवय लागत नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे तिला एकही चिकू मिळाला नव्हता.

बाईंच्या वेडाची खरी चव कळायची ती आमच्या पाठांच्या वेळी. डी.एड.ला आम्ही शाळेत जाऊन पाठ घ्यायचो आणि प्राध्यापक मागे बसून गुण द्यायचे. बाई मागे बसायच्या नाहीत. पदर खोचून मुलांत मांडी घालून बसायच्या आणि त्या क्षणापासून पहिलीतल्या व्हायच्या. माझा पहिला पाठ 'घ घराचा' होता. मी दोन रात्री जागून पुठ्ठ्याचं घर केलं होतं. लाल कौलं, जाळीची खिडकी, दारात तुळस. मी ते टेबलावर ठेवून विचारलं, मुलांनो, हे काय आहे. मुलं गप्प. तेवढ्यात बाईंनी हात वर केला आणि बारीक आवाजात विचारलं, की या घरात कोंबड्या कुठे झोपतात.

माझ्या घरात कोंबड्यांची सोय नव्हती. पण प्रश्न ऐकून वर्ग जागा झाला. कुणी म्हणे इथे भोक पाडा, कुणी म्हणे टोपलीखाली झाका, एकाने तर त्यांच्याकडे मुंगूस येतं त्याची हकीकत सुरू केली. 'घ' राहिला बाजूला. मी घाबरून बाईंकडे बघत "गप्प बस" म्हटलं. पाठ संपल्यावर मी तणतणत गेले की तुम्ही माझा पाठ बिघडवलात. बाई शांतपणे म्हणाल्या, "एका मुलीने प्रश्न विचारला. तू तिला गप्प बस म्हणालीस. ती उद्या शाळेत येईल का?"

"ती मुलगी तुम्हीच होता, बाई."

"म्हणूनच मला माहिती आहे. ती उद्या येणार नाही."

आणि दुसऱ्या दिवशी बाई खरंच आल्या नाहीत. माझा पाठ निरीक्षणाविना गेला. तिसऱ्या दिवशी आल्या आणि कोंबड्यांचं काय ठरलं असं विचारू लागल्या. या बाईंना हसावं की त्यांच्यावर रागवावं, हे मला तेव्हा कळत नसे. आता मी डहाणूच्या एका शाळेत पहिलीला शिकवते आणि एखादं मूल अचानक यायचं थांबलं की मला मुलांतली बाईंची ती रिकामी जागा आठवते.

"कोरं पोर मला अजून भेटायचंय," असं त्यांचं एक वाक्य होतं. मुलाला काय येत नाही ते सगळे सांगतात, काय येतं ते बघून या, म्हणून त्या आम्हाला घरोघर पिटाळायच्या. आणि त्यांचा एक नियम होता, तो मोडलेला त्यांना खपत नसे. रोज सकाळी फळ्यावर पहिलं वाक्य मुलाच्या तोंडचं आलं पाहिजे. पुस्तकातलं नाही, आपलं नाही. मूल जसं बोललं तसंच, त्याच्या घरच्या भाषेत लिहायचं, आणि मग त्याच मुलाने ते वाचायचं. स्वतः बोललेलं वाक्य वाचता न येणारं मूल क्वचितच असतं. एकदा हे जमलं की मग पुस्तकाचं दार उघडतं, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या वर्षी सुमनची आणि माझी आंतरवासिता, म्हणजे एकाच शाळेत राहून सलग शिकवण्याचा काळ, तलासरीजवळच्या एका पाड्यावर लागली. तलासरीत खोली घेऊन आम्ही दोघी राहायचो, सकाळी जीपने पाड्यावर जायचो. शाळा पाड्याच्या टोकाला, बोअरिंगशेजारी. पहिलीत जमनी नावाची एक मुलगी होती. ती बोलायचीच नाही. सगळ्या मुलांची वाक्यं फळ्यावर येऊन गेली. 'आमचे बोकडाने टोपी खाल्ली' इथपासून 'काका सुरतला गेला' इथपर्यंत. जमनीचं वाक्य येत नव्हतं. सुमन रोज तिच्यापुढे खडू घेऊन बसायची. जमनी खडूकडे बघायची, सुमनकडे बघायची, आणि मान खाली घालायची. बाई येत तेव्हा जमनीच्या शेजारी बसून तशाच गप्प राहत. दोघी गप्प बसलेल्या बघून मला हसू यायचं.

फाल्गुनात आमचे प्राचार्य भेट द्यायला येणार असा निरोप आला. स्थानिक संस्कृतीचं दर्शन वर्गात घडवा, अशी त्यांची सूचना होती. त्या वर्षी हा शब्द सगळीकडे फिरत होता. बाई त्या आठवड्यात पेपर तपासायला गेल्या होत्या. सुमन म्हणाली, मी भिंतीवर चौक काढते, आमच्या वारली चित्रांतली देवीची चौकट. तिला चौक उत्तम यायचा. आश्रमशाळेत असताना चित्रकलेच्या स्पर्धेत तिने त्यावर जिल्ह्याचं बक्षीस घेतलं होतं. बाई सारख्या सांगतात ना खरं करा, मग आपण पोस्टर कलर वापरायचाच नाही, असं तिने ठरवलं. मी डहाणू रोडहून गेरू आणला. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ओसरीची भिंत शेणाने सारवली, गेरू दिला, आणि सुमनने तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चौक काढला. बाहेरची नक्षीची चौकट, झाडं, चंद्र-सूर्य, आणि मधोमध पालघट देवी. मी नुसती बघत राहिले. इतकं सुंदर काम माझ्या डोळ्यांसमोर झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी शाळेत एकही मूल आलं नाही.

आमची जीप पोचली तेव्हा ओसरीपुढे बायका उभ्या होत्या. बोअरिंगवर पाण्याला येताना त्यांनी रविवारीच भिंत पाहिली होती. पुढे धवलेरीआजी होती. धवलेरी म्हणजे वारल्यांत लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी बाई. तिने सुमनला शांतपणे विचारलं, "लगीन कोनाचा?"

सुमनला प्रश्न कळला नाही. मलाही कळला नाही. मग हळूहळू उलगडा झाला. कागदावर, कापडावर चौक काढून लोक विकतात, त्याला कुणाची हरकत नाही. पण शेणाने सारवलेली भिंत, गेरू, तांदळाचं पीठ आणि मधे देवी, हा लग्नाचा चौक. तो लग्नाच्या घरी काढतात, सवाशिणी काढतात, आणि देवी आल्याशिवाय लग्न लागत नाही. आता देवी तर येऊन बसली होती, आणि लग्न कुणाचंच नव्हतं. आजी रागावलेली नव्हती. खरं म्हणजे त्या सगळ्याजणी धास्तावल्या होत्या. देवीला बोलावून असं रिकामं बसवलेल्या घरात पोरं कशी पाठवायची, असा त्यांचा सवाल होता. आजीने सुमनला निरखून बघितलं आणि विचारलं, "तू वारलीन ना? तुला तुझे आयसने सांगला नाय?"

 सुमनला आईने सांगायला ती आईजवळ होती कुठे. चौक ती शिकली होती आश्रमशाळेच्या चित्रकलेच्या सरांकडून, जे सांगलीचे होते.

मी प्राचार्यांना फोन केला. ते संतापले. संध्याकाळपर्यंत भिंतीला चुना फासा आणि दोघी परत या, असं त्यांनी सांगितलं. माझी आंतरवासिता डहाणूच्या शाळेत पुरी करता येईल. सुमनचं पुढच्या वर्षी बघू. आता सुमनच्या घरी पुढचं वर्ष नावाची चैन नव्हती. धाकटी भावंडं होती, आणि एकदा ती चिकूच्या वाडीत कामाला जायला लागली की परत येणार नव्हती. हे तिलाही माहीत होतं, मलाही. पण प्राचार्यांपेक्षा आजीच्या प्रश्नाने तिला जास्त मोडलं होतं. भिंतीला चुना न लावताच खोलीवर येऊन तिने पेटी भरायला घेतली. तीच पेटी, झाकणावर नाव असलेली. "इथं मी वारली म्हणून मला पाठवलं," ती म्हणाली, "आणि मलाच म्हाईत नाय. मग मी कुणाला काय शिकवू?"  मला फार वाईट वाटत होतं आणि मी तिच्या घड्या घातलेल्या कपड्यांकडे बघत बसले होते.

माझा निरोप मिळताच बाई दुसऱ्या सकाळी आल्या. मला वाटलं त्या सुमनला जवळ घेतील, धीर देतील. तसं काही नाही. त्यांनी तिला सांगितलं, चल, मला बघायचंय. शाळेत येऊन त्या चौकासमोर मांडी घालून बसल्या आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. कोंबड्या कुठे झोपतात असं विचारणारा तो चेहरा होता. मग उठून त्या धवलेरीआजीच्या घरी गेल्या. आधी चुलीपाशी, अर्थात. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. आजूबाजूच्या बायका जमल्या.

बाईंनी विचारायला सुरुवात केली. पुसलं तर चालेल का? आजी दचकली. देवीला पुसतीस, असं म्हणून ती बाईंकडे बघतच राहिली. बरं, तशीच ठेवली तर? लगीन नाय तर कशी ठेवायची. मग याआधी असं कधी झालं होतं का? कधीच नाही, कारण असा वेडेपणा कुणी केला नव्हता. मग काय केलं म्हणजे सगळं ठीक होईल? बायकांनी एकमेकींकडे बघितलं. उत्तर इतकं सोपं होतं की ते सांगायचं कशाला, असा त्यांचा भाव होता. चौक आहे, देवी आहे, तर लग्न पाहिजे.

"कुणाचंही चालेल?" बाईंनी विचारलं.

आजीने बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुझा झालाय?"

"नाही."

पाड्यावर कुणी अहोजाहो करत नाही, आणि लाजतही नाही. बायकांत चर्चा सुरू झाली. बाईंचं वय काय, तब्येत बरी दिसते, पाड्यावर एक विधुर आहे पण तो पितो. बाई गंभीरपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझी तयारी आहे. पण स्वयंपाक मला येत नाही, हे त्याला आधी सांगा." मग जी हसाहशी झाली ती आवरेना. आजी भिंतीला टेकून डोळे पुसत होती. आदल्या दिवसाची धास्ती त्या हसण्यात कुठल्या कुठे गेली. माझ्या शेजारी सुमन मात्र हसली नव्हती.

हसता हसताच एकजण म्हणाली, की जमनीच्या आईचं बाकी आहे. वारल्यांत ही गोष्ट नवलाची नाही. बाई-पुरुष एकत्र राहू लागतात, पोरं होतात, आणि जेवणावळीची सोय होईपर्यंत लग्न मागे पडत राहतं. कधी कधी पोराच्या लग्नात आईबापाचंही उरकून घेतात. जमनीच्या आईबापाचं दर फाल्गुनात ठरायचं आणि दर फाल्गुनात राहून जायचं. जमनीची आई गर्दीतच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि नाही म्हणाली नाही.

शाळेच्या गुरुजींना मुलं परत हवी होती, त्यांनी लगेच मान हलवली. बाईंनी प्राचार्यांना फोन लावला. शाळा म्हणजे काय मंगल कार्यालय आहे का, असं ते ओरडलेलं आम्हाला लांबून ऐकू आलं. बाई म्हणाल्या, की मतदानाला शाळा देतो, लसीकरणाला देतो, क्रिकेटवाल्यांना देतो, एक रविवार लग्नाला दिला तर काय बिघडतं. प्राचार्य म्हणाले, ठीक, सोमवारी मी येतो. मुलं वर्गात दिसली नाहीत तर सुमनचं आणि तुमचंही बघावं लागेल. बाईंनी त्यांना जेवायलाच यायचं आमंत्रण दिलं. ते आले नाहीत, त्यांना वसईला घरी जायचं होतं.

सुमन मला म्हणाली, मी लग्नापर्यंत थांबते, सोमवारी दुपारच्या जीपने घरी जाईन.

लग्नाआधी सवाशिणी आल्या आणि चौकाची तपासणी झाली. आजीने काडी हातात घेऊन एकेक उणं दाखवलं. हे झाड इकडे पाहिजे, देवीच्या बाजूला हे राहिलं, ते राहिलं. मग सवाशिणींनी काही न पुसता, आहे त्याच रेघांवरून, गाणी म्हणत देवी नव्याने काढली. सुमन त्यांच्या पायाशी बसून बघत होती. आणि तेव्हा ती हळू आवाजात विचारू लागली, हे का, ते का, हिच्या हातात काय, हे गाणं आधी का. आजी सांगत गेली. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, आणि बाईंना ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

रविवारी लग्न झालं. अंगणात मांडव, बँजोवाले, भात आणि डाळ, आणि मोठ्यांना ताडी. जमनी नव्या फ्रॉकमध्ये आईला चिकटून होती. हळद लावताना तिचेही हात पिवळे झाले. बाई नाचल्या, अतिशय वाईट नाचल्या.

सोमवारी वर्ग भरला. दाराशी सुमनची पेटी ठेवलेली होती. प्राचार्य मागे खुर्चीवर बसले, बाई नेहमीप्रमाणे मुलांत. सुमनने खडू हातात घेऊन विचारलं, आज कोण सांगणार. नेहमीचे हात वर झाले. त्यांत एक हात पिवळा होता.

जमनी उभी राहिली आणि बोलली. ती बोलली तसंच सुमनने फळ्यावर लिहिलं. 'आयसबापसाचा लगीन मी पाह्यला.' जमनी पुढे आली आणि एकेका शब्दावर पिवळं बोट ठेवून तिने ते वाचलं.

प्राचार्य मागून म्हणाले, की वाक्य तपासून घ्या, आईवडिलांचं लग्न मुलगी कशी बघेल. सगळी मुलं वळून त्यांच्याकडे बघू लागली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं कसं कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जमनीने आपले हात त्यांच्यापुढे धरले. "पाह्यला ना मी. हळद पन लावली."

प्राचार्यांनी त्या हातांकडे बघितलं आणि मग दाराबाहेरच्या मांडवाकडे. 

तेवढ्यात बाईंनी हात वर केला. पहिलीतल्या मुलीच्या त्या बारीक, रुसक्या आवाजात त्या म्हणाल्या, "माझे आयसबापसाचा लगीन मी नाय पाह्यला."

जमनीला त्यांची दया आली. ती बाईंपाशी गेली आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिने विचारलं, "तुला बोलावला नाय?"

 बाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्या हसतही होत्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी एक चिकू काढला, दाबून बघितला, आणि जमनीच्या हातावर ठेवला. पुन्हा पिशवीत हात घालून आणखी एक काढला आणि सुमनला दिला. आजीला विचारलेल्या प्रश्नांचा तो असणार, असं मला वाटतं.

बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. सुमनने दाराशी जाऊन पेटी आत ओढली.

"जा तू," तिने त्याला सांगितलं, "माझा वर्ग चालू आहे."